सिंहगडावरच्या गप्पा आणि तिसऱ्या किलोमीटरवर अडकलेले तिघे

पुण्यात रविवारी पहाटे निघणाऱ्या सायकल गटांमध्ये सायकलविषयी बोलणं फार थोडं होतं. पहिली पाच मिनिटं टायरमधली हवा आणि कोण आलं नाही यावर जातात. मग सोसायटीचा टँकर, नर्सरीचे प्रवेश, हुरडा खायला कुठे जायचं, गुडघ्याचं ऑपरेशन कुणाकडे करावं, भाचीसाठी स्थळ. निम्मी माणसं थंडीत पाचला उठतात ती या गप्पांसाठी, आणि त्यात काही गैर नाही. गटाला धरून ठेवणारी गोष्ट तीच आहे. पण हाच जिव्हाळा चुकीच्या जागी सुटला की काय होतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

गटाचं नाव दिलेलं नाही. वेगवेगळ्या रविवारी पुन्हापुन्हा घडणारे प्रसंग इथे एका दिवसात बसवले आहेत, म्हणजे एकातून दुसरं कसं निघतं ते सलग दिसेल. रस्ता आणि चढ मात्र आहेत तेच आहेत.

जानेवारीतला रविवार. माणसं १४, वयं १९ ते ६८. राजाराम पुलापासून सिंहगडाच्या वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ३० किलोमीटर: धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासला, डोणजे, गोळेवाडीचा नाका इथवर २१, आणि तिथून पुढे घाटाचे ९. घाटात चढ सुमारे ६०० मीटरचा, म्हणजे सरासरी पावणेसात टक्के, काही वळणांवर त्याहून बराच जास्त. सकाळी सहाला निघायचं, नाक्यावर दहा मिनिटं थांबायचं, सव्वासातला घाटाला लागायचं आणि नवाला गड सोडायचा, असा बेत होता. प्रत्यक्षात गड सुटला ९.५० ला, आणि तोवर तिघेजण वर पोचलेच नव्हते.

नांदेड फाटा, साडेसहा

अजून उजाडलेलं नव्हतं. पुढे दोघे शेजारी शेजारी, ताशी २४ किलोमीटरच्या आसपास. विषय नर्सरी प्रवेशाचा. मागे एक तिशीतला गडी, घरी तीन वर्षांची मुलगी. त्याला शाळेचं नाव ऐकू आलं नाही. त्याने दोन पॅडल जोरात मारली आणि पुढच्या दोघांच्या मधोमध चाक घातलं. "काका, कोणती शाळा म्हणालात?"

काकांनी डावीकडे मान वळवली. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून हँडल येतं आणि सायकल नकळत त्याच बाजूला सरकते. शिकाऊ असो की मुरलेला, हे सगळ्यांचं होतं. त्याच वेळी पुढे झिजलेला, पांढरे पट्टे उडालेला गतिरोधक आला. काकांनी तो शेवटच्या क्षणी पाहिला आणि आणखी डावीकडे ओढलं. त्यांचं मागचं चाक गड्याच्या पुढच्या चाकाला घासलं आणि गडी उजव्या कुशीवर पडला. काका पडले नाहीत. त्यांना फक्त एक धक्का जाणवला.

पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. सायकलचा तोल आपण सतत हँडल किंचित वळवून सांभाळतो: ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला चाक थोडं वळवायचं. पुढच्याच्या चाकाने तीच बाजू अडवली तर वळवायला जागा उरत नाही आणि अर्ध्या सेकंदात खेळ संपतो. पुढच्याचं मागचं चाक मात्र वळत नसतं, म्हणून त्याचा तोल सहसा जात नाही. ताशी २४ म्हणजे सेकंदाला पावणेसात मीटर. बोलणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून दोन सेकंद मान वळवली, तर साडेतेरा मीटर रस्ता न बघता गेला.

म्हणून शेजारी दोघांनी बोलणं आणि मागून तिसऱ्याने ऐकायला घुसणं यात फार फरक आहे. दोघांच्या शेजारी चालण्यात दोन्ही हँडलं एका रेषेत राहतात आणि धक्का लागलाच तर कोपराला कोपर लागतं, ते सावरता येतं. ऐकायला आलेल्या तिसऱ्याचं पुढचं चाक मात्र हमखास कुणाच्या तरी मागच्या चाकाशेजारी जातं. गप्पांमुळे होणाऱ्या पडण्यांमध्ये तिसऱ्याची ही जागा ठरलेलीच म्हणा.

गडी उठला, पँट झटकली, म्हणाला, "काही नाही झालं, चला." कोपर खरचटलं होतं. सगळे म्हणाले, "नक्की ना?" आणि निघाले. इथे तीन मिनिटं द्यायला हवी होती. आधी माणूस: डोकं आपटलं का, हेल्मेटला चीर आहे का, दोन्ही हात डोक्यावर उचलता येतात का (गळ्याजवळच्या हाडाला तडा असेल तर सहसा येत नाहीत), तळहात टेकून जोर देता येतो का. मग सायकल: दोन्ही चाकं उचलून फिरवायची, ब्रेक दाबून बघायचे, हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात आहे का ते वरून बघायचं. आणि उजव्या बाजूला पडलेल्या सायकलचा हँगर.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) फ्रेमला जिथे अडकतो तो अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. मार लागला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी म्हणून. वाकलाय की नाही ते हत्याराशिवाय कळतं: सायकलच्या मागे उकिडवं बसायचं आणि डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या दातेरी चकतीशी एका उभ्या रेषेत आहेत का ते बघायचं. खालचं चाक स्पोककडे कललेलं दिसलं तर हँगर आत वाकलाय. अशा सायकलवर मागची सगळ्यात मोठी चकती वापरायची नाही. सपाटीवर काही जाणवत नाही, कारण सपाटीवर ती चकती लागतच नाही.

कुणी बघितलं नाही. शाळेचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, ते पुढे सुरू झालं.

चढावरचं बोलणं

नाक्यावर चहा घेऊन सव्वासातला घाट सुरू झाला. गड्याच्या सोबतीला दोघे राहिले, त्यातला एक चांगला चढणारा. तो मायेने थांबला होता, नव्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. आणि सोबत म्हणजे बोलणं, असं त्याला वाटत होतं. "कुठं असता तुम्ही? मूळ गाव कुठलं? ऑफिस हिंजवडीला की खराडीला?"

माणूस ७५ किलोचा आणि सायकल, पाणी, सामान मिळून १२ किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर उचलायला लागते सुमारे ५१२ किलोज्यूल ऊर्जा. तासाभरात चढायचं तर नुसत्या चढासाठी सरासरी १४२ वॅट, पाऊण तासात चढायचं तर १९०, दीड तासात ९५. टायरचं घर्षण वर दहा-पंधरा वॅटचं. रोज सायकल मारणाऱ्याला १४२ वॅटवर लांबलचक वाक्यं बोलता येतात. तीन महिन्यांपूर्वी सुरुवात केलेल्याला तेवढ्यावर चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

हे चार शब्द फार उपयोगी मोजमाप आहे. सलग वाक्य बोलता येत असेल तर तो वेग तासन्‌तास टिकतो. तीन-चार शब्दांनी तुटत असेल तर माणूस आपल्या मर्यादेजवळ आहे. "हं" आणि "हो" एवढंच येत असेल तर काही मिनिटांत तो थांबणार. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा नसला तरी शेजारच्याच्या उत्तराची लांबी मोजता येते.

पण विचारणाऱ्याला ते मोजायचं सुचत नाही, कारण त्याचा स्वतःचा दम शाबूत असतो. समोरचा भिडेखातर पूर्ण वाक्यात उत्तर देतो. उत्तर देताना श्वास चुकतो, तो भरून काढायला पुढचं अर्धं मिनिट जातं, तेवढ्यात दुसरा प्रश्न येतो. शिवाय बोलता बोलता जोरकस माणूस आपल्याच वेगाने चढू लागतो आणि भिडेचा माणूस ते अंतर पडू देत नाही. पाऊण वाट ज्या दमावर जायची, तो दम तिसऱ्या किलोमीटरला संपतो.

इथेही तेच झालं. गड्याने थकून सगळ्यात हलका गिअर टाकला. चेन मोठ्या चकतीवर चढली, वाकलेल्या हँगरवरचा डिरेलर स्पोकमध्ये गेला, चाकाने तो वर खेचला आणि हँगर तुटला. वेळ पावणेआठ.

वरचा कट्टा

आठला पहिला माणूस वर पोचला. सव्वाआठपर्यंत सात, साडेआठपर्यंत अकरा. चहा, कांदाभजी, मडक्यातलं दही. विषय पेटला तो मेट्रोने रस्ते मोकळे होतील की नाही यावर, आणि तिथून महापालिकेवर. दोघांचे आवाज चढले, बाकीचे ऐकत राहिले.

८.५५ ला एक ताई म्हणाल्या, "ते तिघं कुठायत?"

"येतील सावकाश. नवीन आहे ना तो."

फोन तिघांनी केले होते, तीन वेळा, वेगवेगळ्या माणसांना. सगळे फोन हँडलच्या पिशव्यांमध्ये, आवाज बंद. सायकली टपरीच्या मागे एकावर एक रेललेल्या. ९.०५ ला एकाने सहज फोन बघितला तेव्हा कळलं. चेन तोडायचं हत्यार गटात एकच होतं आणि ते सगळ्यात जोरात चढणाऱ्याच्या पिशवीत, म्हणजे बिघाडापासून सहा किलोमीटर वर. तो ९.२० ला खाली पोचला. तिघे घामाने ओल्या जर्सीत सावलीच्या वळणावर दीड तास उभे होते.

त्यांनीही एक चूक केली. त्यांच्या बाजूने तीन किलोमीटरचा उतार होता. चेन क्विक लिंकपाशी (चेनची उघडता येणारी जोडकडी) सोडून खिशात घालायची, लोंबणारा डिरेलर दोरीने किंवा झिप टायने फ्रेमला वर बांधायचा, म्हणजे स्पोकपासून दूर राहील, आणि दोन्ही ब्रेक हलके हलके, सोडून-दाबून वापरत नाक्यापर्यंत उतरायचं. चेन नसली तरी ब्रेक चालतात. नाक्यावर ऊन, चहा आणि टेम्पो तिन्ही मिळाले असते. पण "वरून कुणीतरी येईलच" या भरवशावर ते थांबले. गट मोठा असला की हा भरवसा वाढतो आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणावर तरी विसंबतो.

हत्यार आल्यावर दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. तुटलेला डिरेलर काढला. पुढची लहान, ३४ दातांची चकती आणि मागची तिच्याशी सरळ रेषेत येणारी १७ दातांची चकती यांवर चेन गुंडाळून, जास्तीचे दुवे तोडून, ती ताठ जोडली. अशी एकाच गिअरची सायकल मिनिटाला ७५ फेऱ्यांवर ताशी १९ किलोमीटर जाते, तेवढ्यावर खडकवासल्याहून घर गाठता येतं. जोर लावून उभं राहायचं नाही एवढंच, नाहीतर चेन शेजारच्या मोठ्या चकतीवर चढून आवळते.

वर बिलाला बारा मिनिटं लागली. प्रत्येक जण आपलं आपण मोबाइलवरून देऊ लागला, गडावर नेटवर्क येतं-जातं, टपरीवाल्या मावशींना कुणाचे आले नि कुणाचे राहिले ते कळेना. ९.५० ला उरलेले दहा जण निघाले, तेव्हा घाटात गाड्या वर येऊ लागल्या होत्या. अरुंद वळणांवर वर चढणारी गाडी पुढच्या गाडीला ओलांडायला उजवीकडे येते, आणि ती उजवी म्हणजे उतरणाऱ्या सायकलची डावी. शिवाय पहिला पोचलेला माणूस एक तास पन्नास मिनिटं बसलेला. पोट जड, पाय आखडलेले, जर्सी गार. ताशी ३५ च्या वाऱ्यात बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज चुकतो. खडकवासल्याच्या चौपाटीशी रविवारची कोंडी लागली ती वेगळीच. राजाराम पूल आला पावणेबाराला. घरी साडेदहाचा शब्द दिलेले दोघे पुढचे दोन रविवार आले नाहीत.

आधी चुकलेला उपाय

पहिला निर्णय झाला तो बंदीचा. रस्त्यावर बोलायचं नाही, थांबा दहा मिनिटांचा, राजकारण वर्ज्य, आणि थांबा संपला की शिट्टी. पुढच्या रविवारी नऊ जण आले, त्याच्या पुढच्या सहा. गळाले ते हळू चढणारे नव्हेत, तर वर्षानुवर्षं येणारे जुने लोक. शाळेच्या कवायतीसारखी शिट्टी साठीच्या माणसाला लागते. आणि त्या गप्पांतून जे चालत होतं ते सगळंच थांबलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याकडे कोण जाऊन आलं, कुणाच्या मुलाला नोकरी हवी आहे, कुणाच्या आईसाठी रक्त लागणार आहे, हे सगळं "विषयांतर" याच खात्यात मोडतं. ते काढून टाकलं तर उरतात एकाच रस्त्याने जाणारे अनोळखी लोक, आणि अनोळखी माणसासाठी कुणी सहा किलोमीटर उतरून येत नाही.

नीट पाहिलं तर त्या रविवारची गप्पांची लांबी फारशी नडली नव्हती. नडलं ते एवढंच की गप्पा चालू असताना कुणीतरी अजून रस्त्यावर होतं आणि त्याचं हत्यार, फोन, मदत या गप्पा मारणाऱ्यांच्या पिशवीत होती. म्हणून बंदी उठवली आणि गप्पांची जागा बदलली.

लांब कट्टा आता परतीनंतर, राजाराम पुलाजवळच्या अमृततुल्यमध्ये. सगळे परत आलेले, सायकली भिंतीला लावलेल्या, घाई असेल त्याने उठून जावं, दीड तास बसायचं त्याने बसावं. राजकारणही तिथेच, हव्या त्या आवाजात. गडावरचा थांबा शेवटचा माणूस पोचल्यापासून पंधरा मिनिटं. हे "शेवटचा माणूस पोचल्यापासून" फार महत्त्वाचं आहे, कारण पहिल्याचा चढ पाऊण तासाचा आणि शेवटच्याचा दीड तासाचा असतो. घड्याळाची वेळ ठरवली तर दमलेल्याला विश्रांतीच मिळत नाही. लवकर पोचलेल्यांनी बसून राहायचं नाही. पाणी पिऊन दीड-दोन किलोमीटर खाली उतरायचं आणि शेवटच्याबरोबर पुन्हा चढायचं. त्यांचं अंग गरम राहतं, जास्तीचा चढ मिळतो आणि कुणी अडकलं असेल तर साडेआठच्या आत कळतं. वर थांबतात त्यांच्यातल्या एकाचा फोन टेबलावर, आवाज सुरू.

रस्त्याचे तुकडे पाडले. राजाराम पूल ते किरकटवाडी एकामागे एक. बोलायचं ते फक्त खड्डा, गतिरोधक, गाडी. खडकवासला ते डोणजे, रहदारी नसेल तेव्हा, दोघे शेजारी आणि गप्पा खुशाल. तिसऱ्याला ऐकायचं असेल तर त्याने मागून ओरडून विचारायचं आणि पुढच्यांनी मान न वळवता उत्तर द्यायचं. ऐकू आलं नाही तर कट्ट्यावर. घाटात सोबत करणाऱ्याला एकच अट: चढावर प्रश्न विचारायचे नाहीत. बोलायचं असेल तर स्वतः सांगावं, गावच्या जत्रेचं सांगा, आजीच्या पुरणपोळीचं सांगा, दमलेल्याने फक्त ऐकावं. या एका नियमाने नवी माणसं जितकी टिकली तितकी दुसऱ्या कशाने टिकली नाहीत.

आणखी काही बारीक गोष्टी. चेनचं हत्यार आणि क्विक लिंक शेवटून दुसऱ्या माणसाकडे, पुढच्याकडे कधीच नाही. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून ज्याचा त्याने सीटखालच्या पिशवीत जास्तीचा एक ठेवायचा. आणि दर महिन्याला माणशी शंभर रुपये एका माणसाकडे. टपरीवर तो एकटा देतो, ऑर्डर पोचताक्षणी एकदाच सांगतो.

सायकली रेलताना डावी बाजू भिंतीकडे, डिरेलर बाहेर, आणि दुसऱ्याची सायकल आपल्या सायकलवर नाही. चौदा सायकलींना जागा नसेल तर दोन भिंती शोधायच्या. अमृततुल्यच्या बाहेर जागा कमी आहे, त्यामुळे पाच सायकली शेजारच्या बंद दुकानाच्या शटरला लागतात.

काकांनी शाळेचं नाव तिथे सांगितलं. अर्ज कधी सुटतात, मुलाखतीला काय विचारतात, बसचा थांबा कुठे आहे, सगळं. गड्याने फोनमध्ये लिहून घेतलं, आणि दुसरा कटिंग मागवला.